वजन उतरविणाऱ्याने साखरेचा हिशेब ठेवावा काय?

ज्या तालुक्यात अगस्ती सहकारी साखर कारखाना उभा आहे, तेथील माणसाने शेतकऱ्यांच्याच मासिकात साखर मोजून खाण्याविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या पाटपाण्यावर खालच्या मुलखात उसाचे मळे पसरले, आणि त्याच पाण्याच्या आधाराने प्रवरानगरास १९५० साली सहकारी कारखान्याचे गळीत सुरू झाले. या पिकाने आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांचे कर्ज फेडले व मुलांची शिक्षणे केली. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, प्रस्तुत लेख साखरेच्या विरुद्ध नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या गृहस्थास आपले वाढलेले वजन उतरवावयाचे आहे त्याने रोज पोटात जाणाऱ्या साखरेचा हिशेब ठेवावा की ठेवू नये. ठेवावयाचा तर कसा ठेवावा, आणि किती दिवस.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझी हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालो, त्यास दीड वर्ष होत आले. निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी माझ्या थोरल्या बंधूंच्या डाव्या पायास चिखलात काटा लागला. त्यांस मधुमेह असल्याने जखम भरेना. अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. जन्मभर खाचरात उभा राहिलेला हा माणूस आता बांधावर खुर्ची टाकून बसतो व मजुरांस लांबून हाका मारतो. त्या दुखण्याच्या निमित्ताने डॉक्टरांनी मलाही तपासले. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८१ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर आणि रक्तातील साखर काठावर, असा माझा उतारा निघाला. डॉक्टर म्हणाले, “भाऊसाहेब, शेत अजून वाहून गेलेले नाही, पण बांध फुटावयास आला आहे. आताच बांधबंदिस्ती करा.”

मी घरी आलो आणि त्याच दिवसापासून चहातील साखर बंद केली. साखरेऐवजी गुळाचा चहा सुरू केला. गूळ घरचा, देशी व निर्मळ, म्हणून त्यास मर्यादा ठेविली नाही. चहाबरोबरची बिस्किटे सोडली व त्यांच्या जागी फरसाण आणि भाजलेले शेंगदाणे आले. महिना झाला, काट्यावर उभा राहिलो तो वजन ८१ किलोच. मी चिडून म्हणालो की, हे सारे थोतांड आहे. तेव्हा आमच्या कुटुंबाने जे उत्तर दिले ते कोणत्याही वैद्याच्या तोडीचे होते. “अहो, साखरेचा डबा बंद केलात आणि फरसाणाचा उघडलात. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात भरले, तर शिल्लक कमी होईल कशी?”

ज्याने आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या तपासल्या त्याला घरच्या बाईने ही चूक दाखवावी, याची मला लाज वाटली. तेव्हापासून मी या विषयाकडे कारकुनाच्या दृष्टीने पाहू लागलो. जे मिळाले ते वाचकांपुढे ठेवितो.

वजन उतरविण्याची गरज कोणास?

प्रथम हे पाहिले पाहिजे की, वजन कमी करण्याची खटपट सर्वांनी करावयाची नाही. वजनाच्या किलोंस उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यावरून शरीराची स्थूलता अजमावितात. आपल्या हिंदी लोकांकरिता हा आकडा २३ च्या वर गेला की वजन जास्त, व २५ च्या वर गेला की लठ्ठपणा, असे वैद्यक मानते. माझा आकडा ३० च्या घरात होता. लठ्ठपणाच्या रेषेखाली येण्यास माझ्या उंचीच्या माणसाचे वजन ६८ किलोंच्या आत असावयास हवे.

परंतु नुसत्या वजनावर विसंबूनही चालत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याविषयी पुष्कळ संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापून एक मोठी मार्मिक गोष्ट दाखविली. दोघांचाही वर सांगितलेला आकडा अगदी एकच, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. तात्पर्य, दिसावयास बेताचा असलेला आपला माणूस आतून मेदाने भरलेला असू शकतो, आणि तो मेद बहुधा पोटावर साठतो. म्हणून पुरुषाने कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीने ८० सेंटिमीटरच्या आत राखावी, असे सांगतात. कंबर मोजण्यास शिंप्याची फीत पुरे; तिला वीज लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.

या गोष्टीस आज महत्त्व का आले, हे एका आकड्यावरून कळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्या देशात सुमारे १० कोटी लोक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. केवळ साखर खाल्ल्यानेच मधुमेह होतो असे नव्हे. आनुवंशिकता, वाढलेले पोट, वय आणि बसून राहणे ही सारी त्याची कारणे आहेत. परंतु वाढलेले पोट हे त्यांपैकी आपल्या हातातील कारण आहे.

हिशेब कशाचा?

अन्नातून शरीरास जी शक्ती मिळते तिच्या मापास उष्मांक किंवा कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक असतात. एक ग्रॅम पिठात साडेतीनच्या आसपास, आणि एक ग्रॅम तेलातुपात ९. शरीरात जितके उष्मांक जमा होतात त्याहून कमी खर्च झाले तर बाकी मेदाच्या रूपाने शिल्लक राहते. वजन उतरविणे म्हणजे ही शिल्लक मोडून खाणे होय. तेव्हा वजनाचा निकाल एकूण खात्यावर लागतो, साखरेच्या एकट्या सदरावर नव्हे.

याचा पुरावाही आहे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेकरिता निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या प्रौढांनी साखर कमी केली व इतर खाण्यावर काही बंधन घातले नाही, त्यांचे वजन सरासरी ०.८ किलोने उतरले. परंतु जेथे साखर काढून तितक्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय अन्न दिले, तेथे वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे आमच्या कुटुंबाचे म्हणणे शास्त्रासही मान्य आहे. साखर काढली आणि तिची जागा रिकामी ठेविली, तरच लाभ. जागा फरसाणाने, गुळाने किंवा इंद्रायणी भाताच्या वाढीव मुदीने भरून काढली, तर लाभ नाही. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, तेलात १३५ उष्मांक असतात. चहाच्या सहासात चमचे साखरेत जे वाचवावे ते भज्यांच्या एका प्लेटीत सहज निघून जाते.

मग साखरेचा वेगळा हिशेब ठेवण्याचे कारणच काय, असे कोणी विचारील. कारण असे की, साखर ही न नोंदलेली जमा आहे. भाकरी आपण ताटात मोजून घेतो. भात किती घेतला हे डोळ्यांना दिसते. पण चहातून जाणारी साखर कोणत्याही जेवणात धरली जात नाही. मी कचेरीत असताना सकाळी घरी दोन, कचेरीत तीन आणि सायंकाळी एक, असे सहा कप होत. प्रत्येक कपात १० ग्रॅम धरले तर ६० ग्रॅम साखर, म्हणजे २४० उष्मांक झाले. सत्तर ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत जवळजवळ तेवढेच असतात. म्हणजे मी रोज एक भाकरी पिऊन टाकीत होतो, आणि वर “मी फार थोडे जेवतो” असे लोकांस सांगत होतो! भाकरीने निदान पोट भरले असते, तिच्यातील कोंडा व प्रथिने अंगी लागली असती. चहातील साखरेने जेवणातली चतकोरही कमी झाली नाही.

हीच गोष्ट उसाच्या भाषेत सांगतो. रोजचे ६० ग्रॅम म्हणजे वर्षास जवळजवळ २२ किलो साखर. साखरेचा उतारा ११ टक्के धरला तर तेवढ्या साखरेस दोन क्विंटल ऊस लागतो. दोन क्विंटल ऊस मी एकटा दर वर्षी नुसत्या चहात गाळून पीत होतो. हे माझे एकट्याचेच पाप नाही. आपल्या देशात दरवर्षी दरडोई सुमारे २० किलो साखर खपते. त्यातील मोठा वाटा मिठाई, बिस्किटे व थंड पेये यांच्या वाटे पोटात जातो.

किती साखर चालेल आणि कोणती मोजावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे ठरविले की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक मोकळ्या साखरेतून यावेत. ५ टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. दिवसास २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाकरिता पहिली मर्यादा ५० ग्रॅमची व दुसरी २५ ग्रॅमची होते. २५ ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने दोन तोळ्यांहून किंचित अधिक.

येथे ‘मोकळी साखर’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण माझी पहिली चूक येथेच झाली होती. वरून घातलेली पांढरी साखर तर तीत येतेच. पण गूळ, काकवी, मध आणि फळांचा काढलेला रस हेही तीत येतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, आणि चवीत तो साखरेहून सरस आहे हेही खरे. परंतु उष्मांकांच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. वजनाच्या वहीत दोघांचे सदर एकच. याउलट अखखे फळ चावून खाल्ले, तर त्यातील साखर या हिशेबात धरीत नाहीत. दुधातील अंगची साखरही धरीत नाहीत. म्हणून पेरू, डाळिंब किंवा सीताफळ यांना भिऊन वागण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा रस काढून ग्लासभर पिणे ही गोष्ट वेगळी.

मोजण्यास सोयीचे म्हणून काही ठोकळ आकडे देतो. चहाचा सपाट चमचा ४ ते ५ ग्रॅमचा. शिगोशीग भरला तर ६-७ ग्रॅमचा. ग्लुकोजची बिस्किटे शंभर ग्रॅम खाल्ली तर त्यांत २५ ग्रॅमच्या आसपास साखर. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक. रसवंतीवरील उसाच्या रसाच्या २०० मिलिलिटर ग्लासात, बर्फ किती आहे त्याप्रमाणे, २५ ते ३५ ग्रॅम. बंद पुड्यातील पदार्थांवर शंभर ग्रॅममागे साखर किती, हे बारीक अक्षरांत छापलेले असते. चष्मा लावून वाचावे. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या वापराव्यात काय, असेही पुष्कळ जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीचा आश्रय घेऊ नये, असा सल्ला दिला आहे. माझ्या मते जिभेची सवयच मोडावी हे बरे. पंधरा-वीस दिवस फिका चहा नकोसा वाटतो. पुढे गोड चहाच नकोसा होतो.

मोजणी कशी करावी?

आता हिशेब ठेवण्याच्या रीतीविषयी. पिकाची पैसेवारी ठरविताना महसूल व कृषी खात्याचे लोक गावातील प्रत्येक शेत कापून तोलीत नाहीत. काही शेते निवडतात, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून, मळून, तोलून गावाचे पीक काढतात. यास पीक कापणी प्रयोग म्हणतात. नजरेच्या अंदाजापेक्षा तो भरवशाचा, आणि सारे गाव कापण्यापेक्षा पुष्कळ सोपा. साखरेच्या बाबतीतही दोन टोके टाळावीत. नजरेने “मी फार साखर खात नाही” असे म्हणणे हे एक टोक. जन्मभर प्रत्येक चमचा वहीत टिपत बसणे हे दुसरे. मधला मार्ग कापणी प्रयोगाचा. तो मी असा केला.

पहिली पायरी घराची. साखरेची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घालावी व संपली त्या दिवसाची तारीखही लिहावी. उदाहरणार्थ, ५ किलोची पिशवी चार माणसांच्या घरात २० दिवस पुरली, तर घराचा रोजचा खप २५० ग्रॅम झाला. पाहुण्यांच्या चहाचे ५० ग्रॅम वजा केले, तर माणशी ५० ग्रॅम उरतात. म्हणजे बाहेरचे बिस्किट, मिठाई व हॉटेलचा चहा धरण्यापूर्वीच मोठी मर्यादा गाठली गेली. या मोजणीस काटा लागत नाही, पेन्सिल पुरते.

दुसरी पायरी स्वतःची. लागोपाठ सात दिवस एका लहान वहीत आपण खाल्लेल्या व प्यालेल्या प्रत्येक गोड वस्तूची नोंद करावी. त्या सात दिवसांत आठवडे बाजाराचा एक दिवस व घरी किंवा गावात कार्य असलेला एक दिवस आला तर उत्तमच. कापणी प्रयोगास चांगले तेवढे शेत निवडणे ही जशी लबाडी, तसे मोजणीच्या आठवड्यात मुद्दाम कमी खाणे हीही लबाडीच. फरक इतकाच की, येथे फसणारा आपणच असतो. माझा सात दिवसांचा सरासरी आकडा ६८ ग्रॅम आला. मी मनाशी ३० धरून चाललो होतो.

त्याच वहीत, साखरेच्या शेजारी दुसरे सदर आखावे व त्यात तळलेले पदार्थ, भाकरी-पोळी व भाताच्या वाट्या लिहाव्यात. हे सदर वगळले तर मोजणी निरर्थक ठरते, हे मी स्वानुभवाने सांगतो. आपल्याकडील जेवणात उष्मांकांचा मोठा वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत तो सुमारे ६२ टक्के आढळला. तेव्हा भाताचा ढीग तसाच ठेवून नुसत्या चहाच्या कपावर रोष धरण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी तपासणीची. वजन महिन्यातून दोनदा, सकाळी, एकाच काट्यावर पाहावे. कंबर महिन्यातून एकदा मोजावी. रोज वजन पाहिले तर पाण्याच्या चढउताराने मन उगाच खालीवर होते.

येथे एक गणित मांडून ठेवितो, म्हणजे कोणी भलत्या आशेने निराश होणार नाही. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक धरतात. रोज ४५ ग्रॅम साखर कमी केली व तिच्या जागी काही खाल्ले नाही, तर रोजचे १८० आणि महिन्याचे ५४०० उष्मांक वाचतात. म्हणजे कागदावर पाऊण किलोच्या आत. प्रत्यक्षात शरीर आपला खर्च आवरते घेते, म्हणून उतार याहूनही कमी पडतो. पंधरा दिवसांत दहा किलो उतरविण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीस किती किंमत द्यावी, हे यावरून समजावे.

नोंदवही कधी बंद करावी?

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास आहाराविषयी मोठा वाद झाला, तो वाचकांस आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले की, दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे व मधल्या वेळी गोड काही घेऊ नये. दुसऱ्या बाजूने आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे सांगणे असे की, थोडे थोडे पण वेळच्या वेळी, घरचे व आपल्या मातीतले अन्न खावे. उष्मांक मोजीत बसू नये. दोघांच्या मतांत जमीनअस्मानाचे अंतर. गावोगाव पारावर यावर तावातावाने चर्चा होत. त्या वादात मला पडावयाचे नाही. मला एवढेच दिसते की, ग्रॅम मोजण्यावर दोघांपैकी कोणाचाच भर नाही. दोघेही नेम सांगतात. आणि मधल्या वेळी गोड चहा नाही, हा एक नेम पाळला की साठ ग्रॅमचे सदर न मोजताच पुसले जाते.

माझा निष्कर्ष असा की, मोजणी नेम ठरविण्यासाठी करावी. आपली गळती कोठे आहे हे कळले की वही मिटावी आणि नेम धरावा. माझी गळती चहात होती. दुसऱ्या कोणाची मुलाच्या किराणा दुकानातील बिस्किटांत असेल, तिसऱ्याची जेवणानंतरच्या गोडात, चौथ्याची थंड पेयात. पाचव्याची साखरेत नसेलच. तळणात किंवा रात्रीच्या उशिराच्या जेवणात असेल, आणि त्याने साखर सोडून काही साधणार नाही. गळती कोठे हे न पाहता सर्वांनी एकाच जागी माती टाकणे हे शहाणपणाचे नव्हे. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर व उन्हाळ्याच्या लग्नसराईनंतर, पुन्हा सात दिवसांची मोजणी करावी. नेम ढिला पडला असेल तर लगेच दिसतो.

माझा नेम असा ठरला: दिवसास दोन चहा, दोन्ही बिनसाखरेचे; तळलेले आठवड्यातून एकदा; रात्री भाताऐवजी एक भाकरी, उसळ व पालेभाजी; आणि रोज सकाळी एक तास चालणे. सणावारी पुरणपोळी किंवा राजूरचा पेढा मी खातो आणि मनापासून खातो. वर्षातील चार सण कोणाचे पोट वाढवीत नाहीत. वर्षातील दोन हजार कप वाढवितात. आपल्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी वालांच्या व भाज्यांच्या ज्या गावरान वाणांचे बी जपले, ते परसात लावण्यास दोन गुंठेही लागत नाहीत; रिकाम्या झालेल्या ताटास भरण्यास याहून चांगली वस्तू नाही.

नऊ महिन्यांत वजन ७५ किलोंवर व कंबर ९५ सेंटिमीटरवर आली. ६८ चा पल्ला अजून दूर आहे. परंतु रक्तातील साखर काठावरून मागे सरली, आणि रतनवाडीच्या वाटेचा चढ मी न थांबता चढतो.

सावधगिरीचे दोन शब्द

जे लोक मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी हा लेख वाचून एकाएकी आहार तोडू नये. प्रथम डॉक्टरांस विचारून औषधाचे प्रमाण ठरवावे. अशा माणसास दरदरून घाम, हातापायांस कंप, एकाएकी भूक किंवा भ्रम झाला, तर ती रक्तातील साखर घटल्याची खूण असते. त्या वेळी तो शुद्धीवर व गिळता येण्याजोगा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. तेथे साखर हे औषध आहे, हे विसरू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले आणि कृश माणसे यांनी वजन उतरविण्याच्या फंदात पडू नये. आणि आपल्या उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या तोडणीवाल्यास कोणी हा उपदेश करू नये. त्याच्या चहातील साखर दुपारच्या आत घामावाटे निघून गेलेली असते.

पाहुणा आणि चहा

शेवटी ज्या अडचणीपुढे पुष्कळांचे नेम मोडतात तिच्याविषयी. आपल्याकडे फिका चहा मागणे म्हणजे यजमानाचा अपमान, अशी समजूत आहे. कमी साखरेचा चहा दिला तर घर कंजूष ठरते. मी पहिले दोन महिने लोकांच्या घरी जाणेच टाळीत होतो. पण विचार करावा. आमच्या आजोबांच्या वेळी पाहुण्यास गूळपाणी देत. तो पाहुणा उन्हातून चार कोस चालत आलेला असे, आणि गुळाचा खडा त्याच्या थकव्यावर उतारा होता. आजचा पाहुणा मोटारसायकलवरून येतो व दिवसाचा पाचवा चहा आपल्याकडे घेतो. रिवाज तोच राहिला, पण चालणे गेले. तेव्हा रिवाज मोडू नये, त्याचे रूप बदलावे. आमच्या घरी आता चहा बिनसाखरेचा करितात व साखरेची वाटी चमच्यासह पुढे ठेवितात. ज्यास हवी तो घेतो. कोणाचा मान जात नाही, आणि कितीतरी पाहुणे वाटीस हात न लावता कप संपवितात, हे आम्ही पाहिले आहे.

आपण साखर कमी खाल्ली तर ऊस कोण घेईल, अशी शंकाही एका सभासदाने माझ्यापाशी काढिली. त्यास माझे उत्तर असे की, अकोल्याच्या चार-दोन घरांतील चहावर कारखान्याचे गाळप अवलंबून नाही. उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल होऊन ते आज पेट्रोलमध्ये मिसळले जात आहे. उसाचे पीक माणसाने जगण्यासाठी करावयाचे आहे. तंबाखू पिकविणाऱ्याने ती खाल्लीच पाहिजे असा कायदा नाही, तसाच उसाचाही नाही.

माझे बंधू आता रोज सायंकाळी माझ्या ओट्यावर येतात. दोघांपुढे एकाच भांड्यातला फिका चहा असतो. ते एकदा म्हणाले, “ही वही दहा वर्षांपूर्वी घातली असतीस, तर मी अजून खाचरात असतो.” तसे झालेच असते असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ज्या वाचकांची बोटे अजून शाबूत आहेत त्यांनी सात दिवसांची मोजणी करून पाहावी, आणि आपला आकडा व अनुभव या मासिकाकडे अवश्य कळवावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.

— एक निवृत्त महसूल कारकून, अकोले